कपाळातला फुगा: तीन महिने आणि त्यानंतरचे आठ

लहानपणी स्टोव्हचा भडका उडून माझ्या कपाळाची उजवी बाजू भाजली. भुवईपासून केसांपर्यंत जाड वण होता, त्याने भुवईही वर ओढलेली. गेल्या वर्षी ठाण्यात टिश्यू एक्स्पांडर, म्हणजे कातडी हळूहळू ताणून वाढवणारा फुगा, बसवून घेतला. कुणी त्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

मांडीची कातडी लावली असती तर एका ऑपरेशनात भागलं असतं. पण तिचा रंग-पोत चेहऱ्याशी जुळत नाही, ठिगळ दिसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कपाळाला कपाळाचीच कातडी शोभते. नाक नव्याने करतानाही तीच खाली वळवतात. १७९४ साली पुण्याकडे कावसजी नावाच्या, नाक कापलेल्या गाडीवानाला असं नवं नाक बसवल्याची हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली होती. मला कपाळालाच कमी पडत होती, म्हणून आहे ती वाढवायची.

डाव्या, चांगल्या बाजूखाली सिलिकॉनचा फुगा घातला, चीर केसांत लपवून. दोन आठवड्यांनी दर शनिवारी ओपीडीत सलाईन भरणं सुरू झालं. कातडीखाली बटणासारखा पोर्ट हाताला लागतो, त्यात बारीक सुई टोचतात. सुईचं काही नाही, त्या रात्रीचा ताण मात्र सोसावा लागतो. कपाळ तुकतुकीत होतं, आतून कुणी रेटतंय असं वाटतं. एकदा कातडी पांढरी पडली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच थोडं पाणी परत काढलं. लाली, ऊब किंवा स्राव दिसला तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग वाढला तर फुगाच काढावा लागतो.

शेवटी टेंगूळ ओढणीतही मावेना. कळव्याहून लोकलने जाताना बायका बघत राहायच्या. एका मावशींनी विचारलं, "पडलीस का गं?" म्हटलं, "नाही मावशी, कातडी वाढवतेय." त्या उठल्या आणि मला खिडकीपाशी बसवलं.

दुसऱ्या ऑपरेशनात फुगा काढला, वण कापला आणि वाढलेली कातडी उजवीकडे सरकवली. आता भुवईच्या वर आणि केसांच्या कडेला एक रेघ आहे. सिलिकॉन जेल आणि सनस्क्रीन नेमाने लावते. लालसर होती, फिकी पडली. भुवई किंचित वर आहे अजून, पण डोळा नीट मिटतो.

तक्रार एकच. भुवईवरून टाळूकडे जाणाऱ्या नसा दुखावल्यामुळे कपाळाचा मधला भाग बधिर झाला. संमतीपत्रात ती ओळ होती, पण समोर बसून कुणी समजावलं नव्हतं. तुम्ही आधीच विचारा.

आज सकाळी टिकली लावली. बोटाला कपाळ लागलं, कपाळाला बोट लागलं नाही. आरशात पाहिलं, मधोमध बसली होती.