वडनेर रोडवरचं काकाजींचं हॉटेल: आलूबोंडा, मोठा टीव्ही आणि पोरींची मॅच

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटहून वडनेरकडे निघालं की वस्ती विरळ होते आणि डाव्या हाताला टिनाच्या शेडचं हे हॉटेल लागतं. सकाळी तर्री-पोहे, दिवसभर चहा नि आलूबोंडा, संध्याकाळी भजे. अशी हॉटेलं आपल्याकडे प्रत्येक फाट्यावर आहेत. पण चार माणसांत बसून क्रिकेट पाहायचं असेल, त्यातही तुम्ही बाईमाणूस असाल, तर डोळे झाकून इथंच जा.

मालकांना सगळे काकाजी म्हणतात. त्यांचा नियम एकच. भारताची मॅच असली की टीव्हीवर तीच लागणार, मग गड्यांची असो की पोरींची. आणि आवाजासकट लागणार. आवाजाचं मुद्दाम सांगते, कारण पोरींची मॅच लावायची तर मुकी लावायची आणि वर मोबाईलवर गाणी वाजवायची, ही पद्धत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. २०१७ च्या पोरींच्या वर्ल्डकपची फायनल मी भावासोबत अशाच एका हॉटेलात पाहत होते. त्याचं नाव घेत नाही. लॉर्ड्सचं मैदान, इंग्लंडच्या २२८ धावा, आपली पूनम राऊत ८६ पर्यंत पोचलेली, नागपूरची मोना मेश्राम त्या वर्ल्डकपच्या संघात. १९१ वर तीनच गडी बाद होते. पूनम पायचीत झाली तसा कोणी तरी उठला नि 'आता काही होत नाही' म्हणून चॅनल बदललं. आपण २१९ वर आटोपलो, नऊ धावांनी गेलो, इंग्लंडच्या श्रबसोलनं सहा बळी काढले. हे सगळं मला घरी आल्यावर कळलं. हरल्याचं दुःख होतंच, पण आपल्यासमोर चालू असलेली मॅच कोणी हातातून काढून घेतली याचा राग मोठा होता आणि तो अजून गेलेला नाही.

काकाजींकडं मी पहिल्यांदा आले ती ब्लाऊजपीस आणायला हिंगणघाटला गेले होते तेव्हा, चहापुरती. टीव्हीवर पोरींची मॅच चालू होती, दोन-तीन ट्रकवाले मन लावून पाहत होते. एकानं रिमोटकडं हात नेला. काकाजी झारा हातात घेऊनच म्हणाले, 'भाऊ, इंडियाची मॅच आहे ना. संपू द्या.' तेवढ्यावर मी इथली गिऱ्हाईक झाले.

२ नोव्हेंबर २०२५ ची, पोरींच्या वर्ल्डकप फायनलची रात्र इथं कशी गेली ते सांगितलं की बाकी परीक्षणाची अर्धी गरज उरत नाही. तीन दिवस आधी सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढले होते. ३३९ चा पाठलाग, समोर सात वेळा वर्ल्डकप जिंकलेला संघ, आणि ही पोर चिखलानं माखलेल्या कपड्यांत शेवटपर्यंत उभी. त्या मॅचनंतर आमच्या गल्लीतल्या ज्या बायांना क्रिकेटचं काही देणंघेणं नव्हतं त्यासुद्धा फायनलचं विचारायला लागल्या. कापूस वेचणीचे दिवस, अंग मोडून आलेलं, तरी आम्ही सातेक जणी एका ऑटोत बसून आलो. नवी मुंबईत पाऊस, खेळ पाचला सुरू झाला. म्हणजे संपायला मध्यरात्र होणार हे उघड होतं. काकाजींनी भिंतीकडचे दोन बाक आम्हाला मोकळे करून दिले नि ऑटोवाल्याला तेव्हाच सांगून ठेवलं, 'मॅच झाल्याबिगर जाऊ नको, यांना घरी सोडून देजो.' ही सोय कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते, पण बाईनं रात्री घराबाहेर मॅच पाहायची की नाही हे अशा सोयीवरच ठरतं.

आपल्या २९८ झाल्या. स्मृती ४५, शफाली ८७, दीप्ती ५८, शेवटी ऋचाचे २४ चेंडूंत ३४. मग दक्षिण आफ्रिकेची वुलवार्ट एका बाजूनं अशी खेळायला लागली की शेडमध्ये भजे तळल्याचा आवाज तेवढा यायचा. कप्तान हरमननं चेंडू शफालीकडं दिला तेव्हा मागून एक म्हातारबा चिडून बोलले, 'अवं, हे पोट्टी परवापरेंत टीममंधी नोती, अन् हिच्या हाती बॉल देऊन रायली?' बोलणं खोटं नव्हतं. प्रतिका रावलचा पाय दुखावला म्हणून शफाली सेमीफायनलच्या तोंडावर संघात आली होती. तिनं ल्यूसचा झेल आपल्याच गोलंदाजीवर घेतला नि पुढच्या षटकात मॅरिझान कापला यष्टीमागं झेलबाद केलं. म्हातारबांनी लगेच आमच्या बाकाकडं एक प्लेट भजे पाठवले.

या हॉटेलचा एक दोष त्याच रात्री नीट कळला. इथला टीव्ही नेटवर चालतो, समोरच्या ढाब्यावर डिशची छत्री आहे. त्यामुळं ढाब्यावरचा ओरडा आधी येतो नि आपल्याकडं चेंडू नंतर पडतो. दीप्ती रनअपला निघायची होती तेव्हाच रस्त्यापलीकडून गलका झाला. काही तरी चांगलं झालंय एवढं कळलं, काय ते कळेना. मग आमच्या पडद्यावर वुलवार्टनं चेंडू उंच मारला, अमनजोत धावत आली, चेंडू हातातून सुटला, पुन्हा उडाला, पुन्हा सुटला. ओरडा ऐकून बसलेलो असूनही माझ्या शेजारणीनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. शेवटी झेल पकडला. वुलवार्ट १०१. तिथून मॅच आपली झाली. दीप्तीनं ३९ धावांत पाच बळी घेतले नि शेवटचा झेल हरमननं मागं पळत जाऊन टिपला. ५२ धावांनी जिंकलो. पुरुषांनी कपिलच्या नेतृत्वाखाली १९८३ ला जे केलं ते पोरींनी आता केलं असं तो म्हातारबा सगळ्यांना सांगत होता. मला मात्र तुलना नको वाटली. या पोरींचा कप त्यांचा त्यांचाच आहे.

खाण्याचं बोलायचं तर आलूबोंडा-रस्सा घ्याच. बोंडा तळहाताएवढा, आतल्या आलूत अद्रक नि हिरवी मिरची ठेचून घातलेली, सोड्यानं फुगवलेलं पोकळ कव्हर नाही. रस्सा लाल, पातळ, त्यावर वरून बारीक सांबार, म्हणजे कोथिंबीर. २५ रुपये. चहा १० रुपये, साखर जास्त असते, कमी पाहिजे तर आधी सांगा. थंडीत सांबारवडी करतात कढीसोबत, ती दुपारपर्यंतच मिळते. तर्री-पोहे मला बेताचेच वाटले, तर्रीत चणे कमी नि तेल जास्त. मॅचच्या दिवशी भाव वाढवत नाहीत आणि एका चहावर तीन तास बसलं तरी पोऱ्या येऊन फडकं मारत उठवत नाही.

कसोटी पाहायची असेल तर सकाळी या, ती मंडळी वेगळीच आहे. निवृत्त मास्तर, जिनिंगचे हिशेबनीस, एक-दोन शेतकरी. २०२५ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्धची गुवाहाटीची कसोटी नऊला सुरू व्हायची आणि तिथं जेवणाआधी चहाची सुट्टी होती, तेव्हा ही मंडळी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बसलेली असायची. त्याआधी कोलकात्यात १२४ करायला निघालेले आपण ९३ वर गळालो, गुवाहाटीत तर ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात कसोटीतला आपला हा सगळ्यात मोठा पराभव. इथं मास्तरांचं म्हणणं, खेळपट्टीचा दोष. मला ते पटत नाही. फिरती खेळपट्टी आपल्या नागपूरनं काय कमी पाहिली? जामठ्याला २०१५ मध्ये याच दक्षिण आफ्रिकेला आपण ७९ वर गुंडाळलं नि मॅच तीन दिवसांत संपली. आयसीसीनं त्या खेळपट्टीला खराब ठरवलं, ते खरं. पण तेव्हा आपले फलंदाजही त्यावरच खेळले. मुरली विजयनं, पुजारानं चेंडू खाली दाबून, पाय पुढं काढून धावा काढल्या. आज बचाव करायचा धीरच उरलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात रोहित नि विराटनं कसोटी सोडली त्यावर सगळा देश बोलला, ऑगस्टमध्ये पुजारा निवृत्त झाला त्यावर फारसं कोणी बोललं नाही. मला विचाराल तर कोलकात्याच्या त्या चौथ्या डावात सगळ्यात जास्त उणीव त्याचीच होती. त्यांच्या फिरकीवाल्या हार्मरला दोन तास कंटाळा आणणारा एक माणूस पाहिजे होता. असा वाद इथं रोज होतो आणि बाई बोलतेय म्हणून कोणी मधेच तोडत नाही, मास्तरसुद्धा ऐकून घेतात नि मगच खोडतात.

गल्ल्यामागच्या भिंतीवर पेपरची कात्रणं आहेत. सगळ्यात वर उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विदर्भाच्या संघातून कसोटी खेळलेला पहिला. त्याच्या खाली इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी घेतलेला फैज फजलचा संघ, नि २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या फायनलला १५३ काढणारा दानिश मालेवार. मी काकाजींना म्हटलं, 'अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ ला इंडियाकडून खेळली, तिचा फोटो कुठं आहे?' ते म्हणाले, 'तुम्ही आणून द्या ताई, मी लावतो.' मी पेपरातून कापून दिला. आता तो उमेशच्या शेजारी आहे.

लाइन गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, पंखे नाहीत. उन्हाळ्यात टिनाखाली दुपारची मॅच पाहणं अवघड जातं, पाण्याची बाटली सोबत ठेवा. दुपारी चार ते साडेपाच पडद्यावर ऊन येतं, तेव्हा चुलीकडच्या बाकावर बसा. खर्रा खाऊन शेडमध्ये थुंकू देत नाहीत, त्यामुळं लहान लेकरं आणायला हरकत नाही.

आणि बाथरूम. आहे, पाणीही असतं, पण दाराला कडी नाही. एकीनं बाहेर उभं राहावं लागतं. मी काकाजींना दोनदा सांगितलं, ते हो म्हणाले, अजून लागलेली नाही. २०२६ च्या जूनमध्ये इंग्लंडात पोरींचा टी-ट्वेंटी वर्ल्डकप आहे. पेरणीची घाई असेल, मॅचा आपल्या संध्याकाळी-रात्री येतील, आणि या वेळी एका ऑटोत मावणार नाही इतक्या जणी तयार आहेत. काकाजी, त्याआधी कडी लावा नि जमलं तर छत्री घ्या.