ताउलची दोन चर्चं: दुपार एकच असेल तर कुठे थांबाल?

बार्सिलोनाहून गाडीने पिरेनीजकडे निघालेली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "बोईच्या खोऱ्यात एक दुपार आहे. सांत क्लिमेंत पाहू की सांता मारिया?" स्पेनमधल्या या डोंगराळ खोऱ्यात ताउल नावाचं गाव आहे, तिथली ही दोन जुनी चर्चं. मी दोन्ही पाहिली आहेत, आधी एकटा आणि मग आईला घेऊन. दुसऱ्या खेपेनंतर माझं मत बदललं, म्हणून हे लिहितोय.

चार तासांचा रस्ता आहे. एल पोंत दे सुएर्त मागे पडलं की नोगेरा दे तोर नदीच्या सोबतीने गाडी चढू लागते आणि डावीकडे एरिल ला वालचा सहा मजली मनोरा दिसतो. तिथेच पहिल्यांदा गाडी बाजूला घ्यावीशी वाटते, आणि जरूर घ्या. या खोऱ्यातली नऊ रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतली) चर्चं 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेली. ताउलमधली दोन तर सख्ख्या बहिणींसारखी आहेत. बिशप रामोन यांनी 10 डिसेंबर 1123 ला सांत क्लिमेंतचा अभिषेक केला आणि दुसऱ्याच दिवशी, 11 ला, सांता मारियाचा. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख 1060 चा. म्हणजे तिकडे आणि इकडे साधारण एकाच काळात दगड घडवले जात होते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: दोन्हीकडची गाभाऱ्यातली मुख्य चित्रं आता बार्सिलोनात आहेत. याच भागातल्या मुरच्या चर्चमधली चित्रं विकली गेली आणि पुढे पार बॉस्टनला पोहोचली. ते पाहून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने 1919 ते 1923 या काळात उरलेली वाचवायला घेतली. इटालियन कारागिरांनी भिंतीवर सरस लावून कापड चिकटवलं, वाळल्यावर रंगाचा थर सालीसारखा सोलून काढला, गुंडाळ्या केल्या आणि खेचरांवरून खाली नेल्या. ते वाचल्यावर मला आधी हळहळ वाटली. पण ती चित्रं नेली म्हणूनच आज आहेत, हेही खरंच.

सांत क्लिमेंत गावाच्या खालच्या टोकाला आहे. त्याचा मनोरा पाहून बोलणं थांबतं. मजल्यामजल्याला खिडक्या, बारीक कमानींच्या पट्ट्या, आणि मागे डोंगर. तिकीट काढून लाकडी जिन्याने वर जाता येतं. गुडघे धड असतील तर जा, वरून ताउलची काळी छपरं सुरेख दिसतात. आत, ज्या भिंतीवरून ख्रिस्ताचं ते विख्यात चित्र काढलं, त्याच भिंतीवर प्रकाशझोतांनी ते पुन्हा रंगवतात. आधी रेषा उमटतात, मग रंगाचे थर चढतात, मग डोळे. दहा मिनिटांचा खेळ, मेहनतीने केलेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला.

मग अडलं कुठे? वेळेवर. दुसऱ्या खेपेला आईसोबत गेलो तेव्हा अंधार झाला, संगीत सुरू झालं आणि आमच्यापुढे मोबाइलचे पडदे उभे राहिले. आई ख्रिस्ताऐवजी समोरच्याच्या फोनमधला ख्रिस्त पाहत होती. खेळ संपला, दिवे लागले, माणसं उठली. भिंतीवर मूळ रंगाचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत, ते मला तिला शांतपणे दाखवायचे होते. पण तोवर पुढच्या खेळाची माणसं आत यायला लागली. नऊशे वर्षांची भिंत दुसऱ्याच्या घड्याळाने पाहायची, हे मला फार खुपलं. गर्दी नसलेल्या दिवशी तुम्हाला कदाचित हे जाणवणारही नाही.

तिथून चढाच्या गल्लीने सांता मारियाला गेलो. ते गावाच्या मधोमध, घरांच्या इतकं जवळ की कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास येत होता. आत जायला तिकीट नव्हतं. गाभाऱ्यात मांडीवर बाळ घेतलेली मरिया आणि भेटी घेऊन आलेले तीन राजे आहेत. ही नक्कल आहे, आणि तज्ज्ञ तिला नावं ठेवू शकतील. पण ती तिथेच असते, तुम्ही हवं तितका वेळ पाहा. खांब किंचित कललेत. मी एका खांबाला हात टेकवला तर दगड ओलसर गार होता आणि हाताच्या उंचीवर गुळगुळीत झालेला. इथे आधी कितीजणांनी असाच हात टेकवला असेल!

आई बाकावर बसली ती अर्धा तास उठली नाही. मग म्हणाली, "अरे, हे नांदतं देऊळ आहे." मला अर्धा तास शब्द सापडत नव्हता, तो तिने सहज दिला. सांत क्लिमेंत नीट राखलेलं आहे. सांता मारिया राहतं आहे.

चित्रकलेचा अभ्यास असेल, किंवा बार्सिलोनाच्या संग्रहालयात मूळ चित्र आधीच पाहिलं असेल, तर सांत क्लिमेंतचा खेळ चुकवू नका असंच म्हणेन. ते चित्र नेमकं कुठे, किती उंचीवर होतं हे तिथेच कळतं. पण एकच दुपार असेल आणि सोबत वडीलधारं कुणी असेल, तर सांत क्लिमेंतचा मनोरा बाहेरच्या गवतावर बसून मनसोक्त पाहा, त्याला पैसे पडत नाहीत, आणि आत बसायला सांता मारियाला जा.

गाडी खालीच लावा, वरच्या गल्ल्या अरुंद आहेत. आणि खिशात सुटी नाणी ठेवा. आईला मेणबत्ती लावायची होती, पेटीत नोट जाईना. शेवटी बाजूच्या बाकावरच्या एका आजींनी आपलं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.