धर्मसत्ता की राजसत्ता: गोव्याला कोणाचा जाच जास्त?

आमच्या गोव्याने दोन्ही सोसले. 1560 मध्ये पोर्तुगिजांच्या राज्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. त्याच्या 1736 च्या फर्मानाने तर दारातली तुळससुद्धा गुन्हा ठरली. धर्माचा हात असा थेट उंबरठ्याच्या आत येतो, लग्नात शिरतो, शेजाऱ्याला चहाडखोर करतो. तरी कुठ्ठाळीचा मंगेश देव जुवारी नदीपलीकडे फोंड्यातल्या प्रियोळला नेता आला, कारण तिथे राज्य दुसऱ्याचं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात फोंडाही त्याच सरकारचा! लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. 18 जून 1946 ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, लगेच अटक. मला सरकारच जास्त घातक वाटतं. इन्क्विझिशनने दोषी ठरवलेल्यांना जाळायचे तेही राज्याचेच अधिकारी.