सायकलचा हेडलाईट आणि कडाक्याची थंडी, ३ स्टार

यूएसबीवर चार्ज होणारा ८०० ल्युमेनचा लाईट आहे, आत एक १८६५० सेल (रिचार्ज होणारा, बोटाएवढा गोल लिथियम-आयन सेल). उन्हाळ्यात फुल मोडवर दीड तास आरामात चालायचा त्यामुळे मी निर्धास्त होतो, पण पारा शून्याच्या आसपास गेला आणि पहाटेच्या राईडला चाळीस मिनिटांतच इंडिकेटर लाल, पुढच्या पाच मिनिटांत डायरेक्ट बंद, तेही उतारावर, मिट्ट काळोखात. जाम घाबरलो.

वाटलं सेल गेला. घरी आणून तासभर तसाच ठेवला, चार्जिंगला पण लावला नाही, बटण दाबलं तर चालू! म्हणजे चार्ज आत होताच, बाहेर येत नव्हता. थंडीत सेलमधलं इलेक्ट्रोलाईट (आतलं द्रव) दाटसर होतं, आयन हळू सरकतात, इंटर्नल रेझिस्टन्स (करंटला आतूनच होणारा अडथळा) वाढतो, त्यात फुल मोड जास्त करंट ओढतो मग व्होल्टेज धपकन पडतं आणि सर्किटला वाटतं बॅटरी संपली, की ते कट मारतं. लो मोडवर करंट कमी म्हणून व्होल्टेज पण कमी पडतं, त्यामुळे आता सपाट रस्त्याला लो आणि फक्त उताराला फुल, एवढ्यानेच खूप फरक पडला.

सेल काढता येतो ही याची सगळ्यात चांगली गोष्ट, दुसरा सेल जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवतो (प्लास्टिकच्या डबीत ठेवा हं, किल्ल्यांना लागून शॉर्ट व्हायला नको). आणि प्लीज, बाहेरून आल्या आल्या गारठलेला सेल चार्जिंगला लावू नका, शून्याच्या खाली लिथियम-आयन चार्ज केला तर आत लिथियमचा थर जमतो आणि सेल कायमचा खराब होतो, आधी खोलीत नॉर्मल होऊ द्या.

सायकलच्या मागच्या बाजूच्या लाईटला साध्या अल्कलाईन बॅटऱ्या होत्या, त्या तर थंडीत अजूनच लवकर मान टाकतात. १.५ व्होल्टच्या लिथियमच्या टाकल्या, त्या रिचार्ज होत नाहीत पण उणे तापमानात मस्त चालतात.

प्रकाश, पकड, वॉटरप्रूफिंग सगळं चांगलंय. स्टार कापले ते बॉक्सवर रनटाईम कुठल्या तापमानाचा ते लिहिलं नाही म्हणून, आणि व्होल्टेज पडल्यावर आपोआप लो मोडवर न जाता लाईट एकदम बंद होतो म्हणून. निदान हे दुसरं तरी कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये सुधारावंच, अंधारात ५० ल्युमेन मिळाले तरी माणूस ब्रेक मारून बाजूला थांबू शकतो.