टायटस ग्रोन: पाच महिने वाचलं आणि हीरो अजून दोन वर्षांचाही नाही

मर्व्हिन पीकचं 'टायटस ग्रोन' जूनमध्ये सुरू केलं आणि नोव्हेंबरात कसंबसं संपवलं. मध्ये तीनदा सोडलं, तीनदा परत घेतलं, कारण पैसे माझेच गेले होते. इंग्लिश फँटसीच्या याद्यांमध्ये हे १९४६ चं पुस्तक सारखं दिसायचं, त्यामुळे ड्रॅगन नाही तरी एखादा मांत्रिक तरी असेल असं वाटलेलं. तर आधीच सांगते, जादू नाहीये. अजिबात. एक अवाढव्य पडका किल्ला, गॉर्मेनगास्ट, आणि तिथे रोज जुन्या ग्रंथांत लिहिलेले विधी करायचे, कशासाठी ते कोणालाच माहीत नाही. (आमच्या आजीचं सोवळं आठवलं, तेवढं मात्र लगेच कळलं.)

भाषेला नावं ठेवायची माझी टाप नाही. माणूस चित्रकार होता ते पानोपानी दिसतं, उजेड कुठून येतोय, धूळ कशी साचलीये, टायटसच्या आईच्या, म्हणजे राणीसाहेबांच्या मागे पांढऱ्या मांजरांचा लोंढा कसा येतो, सगळं डोळ्यासमोर. पण चित्र हलत नाही ना! स्टीयरपाइक नावाचं मुदपाकखान्यातलं पोरगं कोंडलेल्या खोलीच्या खिडकीतून छपरावर चढतं, मी सरसावून बसले की आता काहीतरी होणार, आणि मग काय तर छपरं, छपरं आणि अजून छपरं. किंडलवर शब्दावर बोट दाबून अर्थ बघता येतो म्हणून तरले, तरी एका पानाला चार-पाच वेळा बोट, मग वाक्य कुठे सुरू झालेलं तेच विसरायचं. केडा म्हणजे टायटसची दाई, तिच्यापायी दोघंजण एकमेकांना भोसकून मरतात, ऐकायला केवढं थरारक, आणि वाचताना मला जांभया.

आणि मी काही धीर नसलेली वाचक नाही हो, जीए रात्र रात्र जागून वाचलेत. पण जीएंचं वर्णन संपतं तेव्हा आपल्या पायाखालचं काहीतरी सरकलेलं असतं, इथे वर्णन संपलं की दुसरं सुरू.

राग याचा येतो की याला गोष्ट सांगता येत नाही असं नाहीये. ग्रंथालय जळतं, टायटसच्या वडिलांचं, म्हणजे किल्ल्याच्या सरदारसाहेबांचं डोकं फिरतं, ते स्वतःला घुबड समजायला लागतात, आणि त्यांची पोरगी फ्यूशा बापाचं मन रमावं म्हणून पाइनची सुकलेली फळं पुस्तकांसारखी मांडत बसते. तिथे रडले मी. नंतर सरदारसाहेबांचा नोकर फ्ले आणि तो अगडबंब आचारी स्वेल्टर कोळिष्टकांनी भरलेल्या दालनात भिडतात तो प्रसंग तर एका दमात वाचला, स्टेशन निघून गेलं. अरे मग आधीची कित्येक पानं काय करत होतास बाबा?

किंडल असेल तर आधी सँपल उतरवून बघा. पहिल्याच प्रकरणात धुळीने भरलेल्या दालनात एकटाच झोपा काढणारा रखवालदार आहे, तो आवडला तर पुढचं आवडेल.

मित्र म्हणतो दुसऱ्या भागात टायटस सात वर्षांचा आहे. त्याने आणून दिलाय, टीव्हीशेजारी पडलाय.