पर्शियन मांजराचं पिल्लू म्हणून 18 हजाराला फसवलं, कोल्हापूरकरांनो हे वाचाच

आमच्या ताईला पर्शियन मांजराच्या नावाखाली 18 हजाराला फसवलंय आणि तो माणूस अजून पिल्लं विकतोय म्हणून सगळं लिहितोय.

इन्स्टावर पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचा व्हिडिओ बघून तिनं फोन केला. तो म्हणाला ताई ट्रिपल कोट म्हणजे केसांचे तीन थर आहेत, सेमी पंच फेस म्हणजे थोडं बसकं तोंड आहे, डायरेक्ट इराणची ब्लडलाइन, दोन महिन्यांचं आहे, लस पण झालीय. निम्मे पैसे जीपेवर अगोदर घेतले, घरी येऊन बघतो म्हटलं तर टाळाटाळ, आईबापाचे नुसते फोटो पाठवले, आणि पिल्लू कावळा नाक्यावर बॉक्समधनं आणून दिलं, उरलेले पैसे घेतले की गाडीला किक मारून गेला.

निळ्या डोळ्यांचे त्यानं जास्त पैसे लावले होते. अहो पण सगळ्याच पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात, गल्लीतल्या मांजरीच्या पिल्लांचे सुद्धा! साधारण 6-7 आठवड्यांपासून खरा रंग यायला लागतो, ताईच्या पिल्लाचे आता हिरवट पिवळे झालेत. ट्रिपल कोट असलं पण काही नसतं, पर्शियनला आत मऊ लव आणि वर लांब केस, दोनच थर. आणि इराणचं म्हणाल तर लांब केसांची मांजरं 17व्या शतकात तिकडनं युरोपात आली असं सांगतात खरं, पण आजचं गोल डोक्याचं, बसक्या नाकाचं, आखूड पायाचं पर्शियन इंग्लंड-अमेरिकेतल्या ब्रीडरनी, म्हणजे मांजरांची पैदास करणाऱ्यांनी, पिढ्यानपिढ्या निवडून घडवलंय, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या 1871 च्या मांजरांच्या शोमध्ये सुद्धा पर्शियन होती. इराण म्हटलं की भाव वाढतो, एवढंच.

खरा राग पुढचा आहे. पिल्लाला जुलाब लागले, डॉक्टरकडं नेलं, त्यांनी दात बघून सांगितलं हे जेमतेम महिन्याचं आहे, आईच्या दुधावरनं तोडलंय. लसीच्या पुस्तकातली तारीख बघितली तर तेव्हा पिल्लू आठवड्याभराचं असणार, पहिली लस 6 ते 8 आठवड्यांनी देतात! कानामागं गोल टक्कल होतं, तो म्हणालेला आई चाटते म्हणून केस गेलेत. ती बुरशी निघाली. लांब केसांच्या मांजरात ती लवकर धरते, त्यात आपल्याकडचा पावसाळ्यातला ओलावा, भाचीच्या हातावर गजकर्ण उठलं. एवढासा जीव आणि त्याला रोज औषध, मलम, ड्रॉपरनं दूध.

सर्टिफिकेट म्हणून लॅमिनेट केलेला कागद दिलाय, त्यावर आईबापाचे रजिस्ट्रेशन नंबरच नाहीत. खऱ्या पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीच्या कागदात, आईबाप, आजी-आजोबा सगळे नावानिशी असतात. चांगला ब्रीडर आईबापाची पीकेडीची डीएनए टेस्ट पण दाखवतो, पर्शियनमध्ये हा किडनीचा आजार आनुवंशिक आहे. पिल्लाची आई समोर दाखवत नसेल तर एक रुपया पाठवू नका, लसीची तारीख आणि पिल्लाचं वय जुळतंय का बघा, आणि पैसे देण्याअगोदर डॉक्टरकडं न्यायला तयार आहे का विचारा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्ही केलाय, तक्रार नोंदवलीय.

पिल्लू आता बरं आहे, ताईकडंच राहणार. पण त्या माणसानं नंबर बदललाय, नवीन अकाउंटवर तोच व्हिडिओ फिरवतोय, लाल चादरीवर पांढरं पिल्लू आणि मागं निळं पिंप. दिसला तर पैसे पाठवू नका आणि रिपोर्ट मारा.