घरचं सोलर घेताय? दोन कोटेशनमधली वॉरंटी शेजारी शेजारी ठेवून बघूया

सोलरचं कोटेशन हातात आलं की सगळ्यात ठळक अक्षरात '२५ वर्षं वॉरंटी' लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. म्हणजे दोन व्हेंडरची कोटेशनं समोर असली आणि दोन्हीवर २५ असलं तर वॉरंटी सारखीच असं धरून चालतात आणि मग सगळी घासाघीस फक्त किमतीवर. पण त्या एका आकड्याच्या खाली निदान चार वेगळ्या वॉरंट्या असतात, पॅनलच्याच दोन, मग इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र), मग स्ट्रक्चर आणि फिटिंगची, आणि त्या देणारे लोकही वेगवेगळे. माझं मत आधीच सांगून टाकतो, २५ वर निर्णय घेऊ नका, त्या कागदावर जो सगळ्यात लहान आकडा आहे ना, तो बघून घ्या.

उदाहरण घेऊ. ३ किलोवॅटची सिस्टिम, पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या घरगुती सोलर योजनेतून, म्हणजे ७८ हजार सबसिडी दोन्हीकडे सारखीच आणि पॅनल दोन्हीकडे भारतात बनलेलेच, म्हणजे ज्याला व्हेंडर डीसीआर म्हणतात ते.

समजा 'अ' म्हणतोय १ लाख ८५ हजार. मोनो पर्क पॅनल (पॅनलचा जुना, रुळलेला प्रकार), प्रॉडक्ट वॉरंटी १२ वर्षं, परफॉर्मन्स २५ वर्षं, इन्व्हर्टर १० वर्षं. दुकान तुमच्याच तालुक्याच्या गावी.

'ब' म्हणतोय २ लाख ५ हजार. टॉपकॉन पॅनल (पर्कनंतर आलेला नवा प्रकार), प्रॉडक्ट १२ वर्षं, परफॉर्मन्स ३० वर्षं, इन्व्हर्टर ५ वर्षं. मोठ्या शहरातली कंपनी, तुमच्याकडे फिटिंगला सब-काँट्रॅक्टर पाठवणार.

वरवर बघितलं तर 'ब' भारी वाटतो, ३० वर्षं आहेत ना. आता एकेक उघडून बघू.

आधी परफॉर्मन्स वॉरंटी. ही सांगते काय, तर पॅनल दरवर्षी थोडं थोडं कमी वीज देत जाणार, पण ठराविक मर्यादेपेक्षा जास्त घटणार नाही. पर्क पॅनलला साधारण असं असतं की पहिल्या वर्षी २ टक्के घट आणि मग दरवर्षी ०.५५, म्हणजे २५ व्या वर्षी ८४.८ टक्के क्षमता उरली पाहिजे. टॉपकॉनला पहिल्या वर्षी १ टक्का आणि पुढे ०.४, म्हणजे २५ व्या वर्षी ८९.४ आणि ३० व्या वर्षी ८७.४. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, ३ किलोवॅटला वर्षाचे साधारण ४,३८० झाले. दोन्ही पॅनल अगदी वॉरंटीच्या काठाने घटत गेले असं धरलं तर २५ वर्षांत मिळून टॉपकॉन साधारण ३,००० युनिट जास्त देतं. युनिटचे १० रुपये धरले तर ३० हजार, पण ते पंचवीस वर्षांत विखुरलेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या दहा वर्षांतले. फरक आहे, नाही असं नाही, आणि टॉपकॉन उन्हाळ्याच्या गरमीत पर्कपेक्षा थोडं बरं चालतं हाही मुद्दा आहे. पण हा टेक्नॉलॉजीचा फायदा झाला, वॉरंटीचा नाही, वॉरंटी कधी वापरायची वेळ आली नाही तरी तो मिळणारच.

आणि ही वॉरंटी वापरायची म्हटलं तर कशी वापराल ते बघा. मोबाइल ॲपवर युनिट कमी दिसतायत एवढ्यावर क्लेम होत नाही, कारण धूळ असू शकते, शेजारी नवी बिल्डिंग उभी राहिली असेल, नारळाची सावली पडत असेल, ढगाळ वर्ष असेल. पॅनलची क्षमता मोजतात ती लॅबमध्ये, २५ डिग्री तापमान आणि ठराविक प्रकाशात, आणि त्यातही मोजमापातली चूक म्हणून काही टक्के सोडून देतात. पॅनल उतरवून लॅबला पाठवायचा खर्च आधी ग्राहकानेच करायचा असं बऱ्याच वॉरंटी पत्रांत असतं. क्लेम मंजूर झाला तरी कंपनी ठरवणार की दुरुस्त करायचं, बदलून द्यायचं, का घसारा धरून पैसे परत करायचे. घरगुती ग्राहक दोन-तीन टक्क्यांसाठी हे सगळं करत बसेल असं मला खरंच वाटत नाही.

प्रॉडक्ट वॉरंटी मात्र कामाची आहे. जंक्शन बॉक्स (पॅनलमागची वायरी जोडायची डबी) जळाला, लॅमिनेशन सुटून आत पाणी गेलं, बॅकशीटला म्हणजे मागच्या थराला तडे गेले, फ्रेम नीट नाही, असल्या उघड दिसणाऱ्या दोषांसाठी ती असते आणि ते दोष फोटोत दाखवता येतात. आपल्या उदाहरणात दोघांचीही १२ वर्षंच आहे, म्हणजे कोटेशनवर २५ आणि ३० असा फरक दिसत होता तो इथे शून्य झाला. काही कंपन्या १५ किंवा २५ वर्षंही देतात, तशी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, पॅनल बदलताना ने-आण, उतरवणं-चढवणं, मजुरी कोणाची? बऱ्याचदा कंपनी फक्त पॅनल देते, बाकी सगळं तुमचं. दुसरी, वॉरंटी सुरू कधी होते? काही ठिकाणी फिटिंगच्या तारखेपासून, काही ठिकाणी फिटिंगची तारीख किंवा माल फॅक्टरीतून निघाल्यावर ठराविक महिने, यातलं जे आधी येईल तेव्हापासून. व्हेंडरने जुना स्टॉक बसवला तर तुमचे काही महिने आधीच गेलेले असतात.

शिवाय दहा वर्षांनी तेच मॉडेल मिळत नाही हेही ध्यानात ठेवा. काही वर्षांपूर्वी सव्वातीनशे-साडेतीनशे वॅटचे पॅनल सर्रास बसायचे, आता साडेपाचशेच्या पुढचे मिळतात, साइज वेगळी, करंट वेगळा, म्हणजे एक पॅनल बदलायचं तर स्ट्रक्चरला हात घालावा लागतो, तो खर्च वॉरंटीत सहसा नसतो.

आता इन्व्हर्टर, आणि इथेच खरी तुलना आहे. सिस्टिममध्ये बिघडायची शक्यता सगळ्यात जास्त असलेली वस्तू हीच. पॅनल बिघडलं तर थोडी वीज कमी होते, इन्व्हर्टर बंद पडला तर सगळंच बंद, आणि ३ किलोवॅटचा नवीन इन्व्हर्टर घ्यायचा म्हणजे पंचवीस-तीस हजारांच्या घरात खर्च. म्हणजे बघा, टॉपकॉनने २५ वर्षांत जे जास्तीचं कमावलं असतं ते सहाव्या-सातव्या वर्षी एका इन्व्हर्टरमध्ये गेलं. त्यात ऐन मे महिन्यात तो महिनाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहिला तर साडेतीनशे युनिट गेले आणि ते महावितरणच्या बिलात दिसणार. म्हणून मी 'अ' च्या १० वर्षांना 'ब' च्या जास्तीच्या ५ परफॉर्मन्स वर्षांपेक्षा कितीतरी जास्त वजन देतो. पण 'अ' ला हेही विचारा की १० वर्षं आपोआप आहेत का ऑनलाइन रजिस्ट्रेशन केल्यावर, कारण बऱ्याच ब्रँडला ५ मूळ आणि पुढची रजिस्टर केलं किंवा पैसे भरले तरच असा प्रकार असतो. बिघाड झाल्यावर जागेवर येऊन बघणार का खोक्यात भरून पाठवायचा, तोपर्यंत बदली इन्व्हर्टर देणार का, हेही लिहून घ्या. आणि विजेच्या लोळाने किंवा व्होल्टेज वाढून जळला तर वॉरंटी नाही, हे जवळपास सगळीकडे असतंच, त्यामुळे अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर आणि सर्ज प्रोटेक्शन यात पैसे वाचवणारा व्हेंडर तुमची वॉरंटीच कमी करत असतो. इन्व्हर्टर भर उन्हात गच्चीवर लावला तरी मॅन्युअलविरुद्ध बसवला म्हणून क्लेम नाकारू शकतात, सावलीत आणि हवेशीर जागी लावून घ्या.

स्ट्रक्चर आणि फिटिंगबद्दल कोटेशनमध्ये बहुतेक एक ओळ असते, 'स्टँडर्ड स्ट्रक्चर'. तेवढ्यावर भागवू नका. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे का नुसता रंग मारलेला अँगल, गंजाची वॉरंटी किती, स्लॅबला भोक पाडलं तिथून गळती झाली तर कोण बघणार, हे लिहून पाहिजे. गळतीचा विषय पॅनल कंपनीचा नसतोच, तो फिटिंगवाल्याचा. पीएम सूर्यघरमध्ये व्हेंडरने ५ वर्षं देखभाल द्यायची असते आणि तुमचा त्याच्याशी करार होतो, तो करार वाचा, सहीपुरता ठेवू नका. त्यात वर्षाला किती व्हिजिट आणि तक्रार केल्यावर किती दिवसांत माणूस येणार हे नसेल तर वेगळं लिहून घ्या. 'ब' इथे मागे पडतो असं मला वाटतं, कारण सब-काँट्रॅक्टर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं काम करत असेल तर तुमच्या गच्चीवर कोण चढणार?

मोठी कंपनी म्हणजे वॉरंटी पक्की, असंही धरू नका. सीडी-डीव्हीडीमुळे घराघरात माहीत असलेली मोझर बेअर सोलर पॅनलच्या धंद्यात उतरली होती, २०१८ मध्ये एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, तिच्या लिक्विडेशनचा म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. अमेरिकेतली सनपॉवर हे घरगुती सोलरमधलं मोठं नाव, तिने ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी किती वर्षं आहे आणि पॅनल सोडून तिचा दुसरा काही धंदा आहे का, एवढं तरी बघून घ्या.

वॉरंटीत काय येत नाही यावर थोडं थांबायला पाहिजे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच अडचणी त्यातच बसतात. गारपीट येत नाही. पॅनलची टेस्ट साधारण २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने करतात, विदर्भ-मराठवाड्यात त्याहून मोठ्या गारा पडतात, आणि तसंही नैसर्गिक आपत्ती वॉरंटीबाहेरच. माकडांनी केलेलं नुकसान येत नाही, कोकणात हा मोठा त्रास आहे. वादळ, चोरी, पतंगबाजीत कोणी पॅनलवर पाय दिला, हेही नाही. यासाठी घराचा विमा घ्या आणि त्यात सोलर पॅनल धरले आहेत हे पॉलिसीत बघून घ्या. समुद्राजवळ घर असेल, मालवण-रत्नागिरी-गोवा भाग, तर पॅनलची सॉल्ट मिस्ट टेस्ट (खाऱ्या हवेत टिकतं का याची) झालेली आहे का आणि मॅन्युअलमध्ये समुद्रापासून किती अंतराची अट आहे ते विचारा. घराला लागून गोठा किंवा पोल्ट्री असेल तर अमोनियाची टेस्टही विचारा.

आणि एक जे कोणी सांगत नाही, वर मजला चढवायचा विचार असेल किंवा सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर आत्ताच बोला. पॅनल काढून दुसरीकडे बसवले की बऱ्याच वॉरंट्या संपतात, कंपनीच्या अधिकृत माणसाने काढले-बसवले तरच चालू राहतात. घर विकलं तर मात्र पॅनल त्याच जागी असतील तर वॉरंटी सहसा नवीन मालकाकडे जाते.

मग घ्यायचं कोणाचं? मी 'अ' घेईन, फिटिंग आणि गळतीचं लिहून देत असेल तर डोळे झाकून. 'ब' ने इन्व्हर्टरची वॉरंटी १० वर्षांवर नेली, सर्व्हिसला जवळचा माणूस नावानिशी लिहून दिला आणि किंमत पाच-सात हजारांनी खाली आणली, तर गच्ची लहान असणाऱ्याने 'ब' घ्यावं, कारण कमी जागेत टॉपकॉन जास्त वॅट देतं. पण तो '३० वर्षं' एवढंच परत परत म्हणत राहिला तर सोडून द्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं हातात पाहिजे: प्रत्येक पॅनलच्या सिरियल नंबरची यादी (चढवायच्या आधीच फोटो काढा, नंतर मागे हात पोचत नाही), पॅनल कंपनीचं वॉरंटी पत्र, इन्व्हर्टरचं रजिस्ट्रेशन झाल्याचा पुरावा, जीएसटीचं पक्कं बिल आणि व्हेंडरचा करार. पुढे कोणी टाळाटाळ केली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी गुजरातची असो नाहीतर हैदराबादची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, तेव्हा व्हेंडरच्या 'बघतो, पाठवतो'वर महिने घालवू नका, पहिल्या दिवसापासून ईमेलवर लेखी कळवत जा.